येथे सायकलवरून उतरावे

महापालिकेच्या वाहतूक विभागात त्यांना खऱ्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. प्रश्न बसथांब्याचा असो, पादचारी पुलाचा असो, नाहीतर रस्त्याकडेच्या झाडाचा, त्यांचा पहिला सवाल ठरलेला: "रुंदी किती?" एकदा एका सहकाऱ्यानं मुलगी झाल्याची बातमी दिली, तर हे नकाशावरची मान वर न करता म्हणाले, "वा, छान! रुंदी किती?" त्या दिवसापासून ते रुंदीसाहेब झाले. आधी पाठीमागे, मग हळूहळू तोंडावरही. पन्नाशीनंतर त्यांची स्वतःची रुंदीही बऱ्यापैकी वाढली होती, त्यामुळे नावाला दोन्ही बाजूंनी आधार मिळाला, असं ते स्वतःच सांगत.

शहरातला पहिला सायकल ट्रॅक या रुंदीसाहेबांनी करून घेतला होता. त्यासाठी त्यांनी बैठकांमध्ये घसा कोरडा केला होता. "घरात कपाटं वाढवली की पसारा कमी होतो का?" ते विचारत. "नाही होत. कपाटं भरतात आणि पसारा होता तिथेच राहतो. रस्त्याचंही तसंच. रुंद करा, मोटारी येऊन तो भरून टाकतील. माणसाला मोटारीखेरीज दुसरं काहीतरी द्या, मग बघा." अर्थखात्यानं आधी नाही म्हटलं, पोलिसांनी नंतर नाही म्हटलं, मोटारवाल्यांनी तर आधी, मध्ये आणि नंतरही नाही म्हटलं. पण रुंदीसाहेब चिकट. शेवटी रेल्वे स्टेशनपासून मोठ्या रुग्णालयापर्यंत लाल रंगाचा एक सुंदर पट्टा तयार झाला.

आणि मग महापौरबाईंनी ती बैठक बोलावली.

"फीत कापायची नाही," बाई म्हणाल्या. त्या नव्यानं निवडून आल्या होत्या आणि जुन्या सगळ्या पद्धतींचा त्यांना कंटाळा होता. "भाषणं नाहीत, मंडप नाही. ज्यांनी हा ट्रॅक बांधला, त्या सगळ्यांनी सायकलवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं. मी पण येणार. सगळ्यात पुढे आपले रुंदीसाहेब!"

टाळ्या पडल्या. रुंदीसाहेबांनीही वाजवल्या. 

अडचण एवढीच होती की रुंदीसाहेबांना सायकल येत नव्हती.

यात त्यांनी कधी कुणाला फसवलं होतं असं नाही. विचारलंच नव्हतं कुणी. पुलाच्या अभियंत्याला पोहता येतं का, असं कोण विचारतं? लहानपणी ते चौथ्या मजल्यावर राहायचे, खाली उभ्या चढाची गल्ली, आणि आई अशी की मुलगा खुर्चीवर चढला तरी तिचा जीव वरखाली व्हायचा. पुढे वसतिगृह आलं, ते कॉलेजला चिकटून. मग नोकरी आली, नोकरीबरोबर बस आली, बढतीबरोबर ऑफिसची गाडी आली. सायकल येण्यासारखी जागाच आयुष्यात कुठे सुटली नाही. पुस्तकी ज्ञान मात्र अफाट. सायकलस्वाराला तोल सांभाळायला किती जागा लागते, चढावर तो किती डुलतो, वळणावर किती कलतो, सगळं तोंडपाठ. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आणि आता पाषाणाला सगळ्यांपुढे पायडल मारायचं होतं.

घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं. बायको औषधांच्या दुकानाची मालकीण. दुकान त्याच रस्त्यावर, त्याच ट्रॅकला लागून. ट्रॅकमुळे रस्त्याकडेला गाड्या लावायची जागा गेली, म्हणून मधले काही महिने घरात जेवताना फक्त "वाढू का?" आणि "नको" एवढंच संभाषण झालं होतं. ती ऐकत राहिली, ऐकत राहिली, आणि मग जी हसत सुटली ती पदर तोंडाला लावूनही थांबेना.

"अहो, पण तुम्ही त्या परिषदेत बोलला होतात ना, 'आम्हा सायकलस्वारांच्या गरजा' वगैरे?"

"'आम्हा' हे व्यापक अर्थानं होतं."

"किती व्यापक?"

"शहर म्हणून," ते पुटपुटले.

ती पुन्हा हसली. त्या हसण्यात थोडा सूडही होता, आणि तो आपण कमावलेला आहे हे रुंदीसाहेबांना पटत होतं. डोळे पुसून तिनं फोन उचलला आणि धाकट्या बहिणीला लावला. "ऐक गं, तुझ्यासाठी एक विद्यार्थी आहे. बालवर्गातला. जरा जड आहे."

मेहुणी शाळेत खेळाची शिक्षिका होती. गळ्यात शिट्टी, आवाज मैदानाच्या या टोकापासून त्या टोकाला जाणारा, आणि कुणाचीही भीड न बाळगणारी. रविवारी सकाळी तिनं भाऊजींना शाळेच्या रिकाम्या मैदानावर उभं केलं आणि सायकल पुढे केली. सायकलला पायडलंच नव्हती.

"हे मोडलंय," रुंदीसाहेब म्हणाले.

"काढून ठेवलंय. आधी बसून पायानं ढकलत चालायचं. तोल आला की पायडल मिळेल. शहाण्या मुलांना लवकर मिळतं."

त्यांनी बसायच्या आधी तिला थोडक्यात सांगितलं की चाकाच्या फिरण्यामुळे तोल राहतो असं लोक समजतात, पण ते पूर्ण खरं नाही, खरा मुद्दा हँडलच्या कोनाचा आहे. मेहुणीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि शिट्टी फुंकली.

पहिल्या दिवशी ते बदकासारखे चालले. दुसऱ्या दिवशी बदक थोडं धावलं. खाली बघायची त्यांची सवय काही जाईना. आयुष्यभर नकाशा टेबलावर पसरून खालीच बघत आलेला माणूस तो.

"भाऊजी, वर बघा! जिथे जायचंय तिथे बघा!"

"खाली खड्डा असला तर?"

"खड्ड्याकडे बघत राहिलात की खड्ड्यातच जाता."

आणि ते गेलेच. मैदानाच्या कडेला लांब उड्यांसाठी वाळूचा एक चौकोन होता. एवढं मोठं मैदान सोडून रुंदीसाहेब नेमके त्यात जाऊन पडले. वाळूत बसल्या बसल्या त्यांना हसू आलं. आपल्या खात्यात सगळ्यात हुशार समजला जाणारा माणूस, शहरात कोण कुठून कुठे जाणार याचा वीस वर्षांचा अंदाज बांधणारा, आणि स्वतः दहा पावलांपुढे कुठे जाणार ते त्याला सांगता येत नव्हतं.

पण चिकट माणूस चिकटपणा सोडत नाही. रोज सकाळी ऑफिसच्या आधी ते मैदानावर जाऊ लागले. पायडल मिळालं. सरळ जाणं जमलं. एका सकाळी मेहुणीनं मागची सीट धरलीय या भरवशावर ते मैदानाला पूर्ण फेरी मारून आले आणि बघतात तर ती मघापासून दारापाशी उभी राहून डब्यातलं खात होती. रुंदीसाहेबांचा ऊर भरून आला. त्यांना कुणाला तरी फोन करावासा वाटला, पण सायकल आली हे सांगायचं तर आधी येत नव्हती हेही सांगावं लागणार, म्हणून त्यांनी खिशातला फोन खिशातच ठेवला.

"आता खरा रस्ता," मेहुणी म्हणाली. "उद्या तुमच्या त्या लाल पट्ट्यावर."

ट्रॅक अजून सुरू झालेला नव्हता. दोन्ही टोकांना दोरी बांधलेली होती. सकाळी सकाळी मेहुणीनं दोरी उचलली, रुंदीसाहेब वाकून आत शिरले, आणि स्वतःच्या निर्मितीवर त्यांनी पहिल्यांदा चाक ठेवलं. रंगाचा वास अजून जाणवत होता. पट्टा गुळगुळीत होता, एका बाजूला मोटारी, मध्ये बुटके खांब, आणि खांबांच्या अलीकडे ते, सुरक्षित. वाऱ्यानं शर्ट फुगला. दुकानांच्या पाट्या इतक्या हळू आणि इतक्या जवळून त्यांनी कधी पाहिल्या नव्हत्या. एका शिंप्याच्या दुकानाचं नाव चक्क चुकीचं लिहिलेलं होतं आणि ते वर्षानुवर्षं तिथून गाडीनं जात होते. 'हे मी केलंय,' असं त्यांना वाटलं. अशा वेळी माणसाला जो अभिमान वाटतो तो त्यांना वाटला आणि तेवढ्यात वळण आलं.

बायकोच्या दुकानासमोर ट्रॅक एकाएकी डावीकडे फुटपाथच्या दिशेनं वळत होता, विजेच्या खांबाला वळसा घालत होता आणि लगेच उजवीकडे परत येत होता. रुंदीसाहेबांनी डावीकडे वळवलं. उजवीकडे वळायला जागाच राहिली नाही. खांब समोर आला, त्यांनी खांबाकडे बघितलं, आणि जिकडे बघितलं तिकडे ते गेले.

आवाज ऐकून बायको अर्धवट उघडलेल्या शटरखालून बाहेर आली. मेहुणीनं सायकल उचलली, बायकोनं नवरा उचलला. दुकानात बाकावर बसवून तिनं त्यांच्या गुडघ्यावरची माती पुसायला घेतली.

"नाचता येईना..." मेहुणी दारातून म्हणाली.

"अंगण वाकडंच आहे!" रुंदीसाहेब कळवळून ओरडले. अंगण खरोखरच वाकडं होतं आणि ते वाकडं करणारेही तेच होते.

बायकोनं बाटली उघडून कापूस औषधात बुडवला. मग तिनं हळू आवाजात विचारलं, "अहो, ते वळण आमच्या अर्जामुळे काढलंत ना?"

झालं होतं ते असं. मूळ नकाशात ट्रॅक सरळ होता. मग दुकानदारांनी हरकत घेतली, दारात निदान तीन गाड्या उभ्या राहतील एवढी जागा ठेवा म्हणून. शहरभरातून अशा हरकती आल्या होत्या आणि रुंदीसाहेबांनी त्या एकजात फेटाळल्या होत्या. ही एकच मान्य केली. तीन गाड्यांसाठी ट्रॅक वाकवला आणि शेऱ्यात लिहिलं, 'स्थानिक परिस्थिती लक्षात घेऊन'. स्थानिक परिस्थिती रोज रात्री समोर बसून "वाढू का?" एवढंच विचारत होती.

"तुझ्या नाही, दुकानदारांच्या अर्जामुळे," ते म्हणाले.

"त्यावर पहिली सही कुणाची होती?"

"अक्षर छान होतं."

"मेलं ते अक्षर," ती म्हणाली आणि औषध जरा जोरातच लावलं. मग स्वतःच पुटपुटली, "तुम्ही मला एकदा सांगायचं तरी, की याच्यात माणसं पडतील."

"मलाच ठाऊक नव्हतं. नकाशावर ते वळण फार देखणं दिसत होतं."

त्या दिवशी लंगडत लंगडत रुंदीसाहेब महापौरबाईंच्या दालनात गेले. बाई उद्घाटनाच्या तयारीत बुडाल्या होत्या. पाहुण्यांना निमंत्रणं गेली होती, वार्ताहर येणार होते, बँडसुद्धा ठरला होता.

"बाई, उद्घाटन पुढे ढकलावं लागेल. औषधाच्या दुकानासमोरचं वळण धोक्याचं आहे. सरळ करायला हवं."

"कशावरून धोक्याचं?"

"मी पडलो."

बाईंनी त्यांच्या चालीकडे पाहिलं. "तुम्ही तर सराईत ना?"

"तसा आता थोडा..." रुंदीसाहेबांनी वाक्य अर्धंच सोडून दिलं. "मुद्दा असा की सराईत माणूसही पडू शकतो."

बाईंनी विचार केला. त्या वाईट नव्हत्या, पण तारीख ठरलेली होती, आणि सरकारी कामात ठरलेली तारीख ही डोंगरासारखी असते, रस्त्यानंच तिला वळसा घालायचा. "आत्ता खणाखणी काढली तर लोक म्हणतील, उद्घाटनाआधीच मोडला," त्या म्हणाल्या. "तिथे एक पाटी लावा. 'येथे सायकलवरून उतरावे.' उतरायचं, चार पावलं चालायचं, परत बसायचं. काय बिघडतं?"

वाहतुकीच्या धोरणावर रुंदीसाहेबांनी आयुष्यात जेवढं वाचलं होतं त्याचं सार त्यांना त्या एका वाक्यात ऐकू आलं. रस्ता चुकला तर रस्ता बदलायचा नाही, माणसाला उतरवायचं. आणि त्यांनी काय केलं? मान डोलावली, बाहेर आले, आणि पाटीवरची अक्षरं लांबून दिसतील एवढी मोठी असावीत अशी सूचना रंगाऱ्याला दिली. पाटीची रुंदीही स्वतःच ठरवून दिली.

उद्घाटनाच्या सकाळी स्टेशनसमोर सायकलींची रांग लागली. महापौरबाई हेल्मेट घालून, पोलिसप्रमुख गणवेशात, मुख्य अभियंता नव्या कोऱ्या सायकलवर, त्यांच्या मागे नगरसेवक, अधिकारी, वार्ताहर. सगळ्यात पुढे रुंदीसाहेब. रस्त्याच्या कडेला गर्दीत मेहुणी उभी होती. तिनं शिट्टी तोंडात धरली होती, पण वाजवली नाही. फक्त दोन बोटं स्वतःच्या डोळ्यांकडे आणि मग समोर रस्त्याकडे दाखवली. वर बघा.

बँड वाजला. रुंदीसाहेब निघाले. डुलले, सावरले, आणि पुढे जाऊ लागले. कुणालाच काही संशय आला नाही. उलट ते इतके सावकाश जात होते की मागून कुणीतरी म्हणालं, "बघा, अनुभवी माणूस. घाई नाही."

वळण आलं. पाटी आली. रुंदीसाहेब उतरले. त्यांच्या मागे अख्खी मिरवणूक उतरली आणि शहराचे सगळे कर्तेधर्ते आपापली सायकल हातात धरून एका विजेच्या खांबाभोवती एकामागोमाग एक चालू लागले. गर्दीत कुणीतरी खुदकन हसलं, आणि हसू पसरत गेलं. "सायकल चालवायला केलाय की सायकलला फिरवायला?" एकजण ओरडला. दुकानाच्या दारात बायको उभी होती. ती हसली नाही. तिनं मलमपट्टीची पेटी नुसती काउंटरवर काढून ठेवली होती.

परत बसताना रुंदीसाहेबांचं खरं दुखणं उघडं पडणार होतं. आधाराशिवाय त्यांना सायकलवर बसता येत नव्हतं; मैदानावर ते नेहमी कडेच्या पायरीवर पाय टेकवून निघत. इथे त्यांनी फुटपाथची कड गाठली, तिच्यावर पाय ठेवला आणि कसेबसे निघाले. 'संपलं,' त्यांना वाटलं. 'आता सरळ रस्ता आहे.'

सरळ रस्त्यावर पुढे बसथांबा होता. ट्रॅक थांब्याच्या आणि रस्त्याच्या मधून जात होता. नकाशावर थांबा म्हणजे एक छोटासा चौकोन, त्याच्या बाजूनं लाल रेघ. तेवढ्यात रुग्णालयाकडे जाणारी नेहमीची बस आली. उद्घाटनासाठी सगळ्यांना सांगितलं होतं, बसच्या चालकांना सांगायचं राहून गेलं होतं. बस थांबली, दार उघडलं आणि माणसं उतरली. थेट ट्रॅकवर. आधी पिशव्या घेतलेली एक बाई, मग घडीची बाबागाडी हातात धरलेला एक बाप, मग काठी टेकत एक आजोबा.

रुंदीसाहेबांनी ब्रेक दाबले. आयुष्यात पहिल्यांदा जिथे थांबायचं तिथेच ते थांबले, आजोबांच्या काठीपासून हातभर अंतरावर, एक पाय जमिनीवर टेकवून, मेहुणीनं शिकवलं होतं अगदी तसे. त्यांना स्वतःचाच इतका आनंद झाला की ते मागे वळून बघायला विसरले.

मागे महापौरबाई हात हलवून लोकांना अभिवादन करत होत्या. त्या रुंदीसाहेबांवर आदळल्या. अभियंता बाईंवर, पोलिसप्रमुख अभियंत्यावर, आणि त्यांच्यामागून नगरसेवक पक्षभेद विसरून एकत्र आले. मोठा आवाज झाला नाही. एखादी रचून ठेवलेली चळत सावकाश कलंडावी तसं ते सगळं कलंडलं. बँड आणखी थोडा वेळ वाजत राहिला, कारण बँडवाल्यांना लांबून काही दिसत नव्हतं.

कुणाला फार लागलं नाही. बाईंचं कोपर खरचटलं, अभियंत्याचा चष्मा वाकला. आजोबा मात्र जागचे हलले नव्हते. त्यांनी ढिगाऱ्याकडे पाहिलं आणि रागानं विचारलं, "आम्ही उतरायचं तरी कुठे मग? का बसमध्येच राहायचं जन्मभर?"

वार्ताहर पुढे सरसावले. महापौरबाई फुटपाथच्या कडेला बसल्या, हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं आणि म्हणाल्या, "रुंदीसाहेब, या थांब्यावर माणसं उतरतील हे नकाशात नव्हतं का?"

"थांबा होता, बाई. माणसं नव्हती."

खोटं बोलायला ही जागा बरी होती. कंत्राटदार होता, सल्लागार होता, बसचा चालक होता, दोष वाटून देण्याइतकी माणसं आसपास होती. पण गुडघ्याची जखम पुन्हा उघडली होती, सायकलचं हँडल पोटात रुतत होतं, आणि अशा अवस्थेत माणसाला प्रतिष्ठा सांभाळायचा कंटाळा येतो.

"चूक माझीच," रुंदीसाहेब म्हणाले. "थांब्याचीही आणि मागच्या वळणाचीही. ते वळण मी तीन गाड्यांसाठी काढलं, तो अर्ज माझ्या घरचा होता म्हणून. आणि दुसरं म्हणजे, मला सायकल येत नव्हती. हल्लीच शिकलोय. आधी शिकलो असतो तर हे दोन्ही पहिल्याच दिवशी कळलं असतं."

वार्ताहर लिहायचे थांबले. पोलिसप्रमुखांनी आश्चर्यानं विचारलं, "मग आत्तापर्यंत आमच्यापुढे कोण चालवत होतं?"

गर्दीतून वाट काढत बायको आली, हातात पेटी. बाईंच्या कोपरावर पट्टी बांधता बांधता ती म्हणाली, "त्या अर्जावर पहिली सही माझी आहे. ती मी परत घेते. ट्रॅक सरळ करा."

बाईंनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. मग त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की पट्टी सुटली. "आणि थांब्याचं काय करायचं?"

"थांबा रस्त्याच्या बाजूला न्यायचा, ओट्यासारखा. माणसं ओट्यावर उतरतील आणि सायकली ओट्याच्या मागून जातील."

"मग हे आधी का नाही केलंत?"

"त्यासाठी मोटारींची जागा घ्यावी लागते. तेवढं भांडायचं बळ शेवटी राहिलं नव्हतं."

"आता माझ्या कोपरात आलंय," बाई म्हणाल्या. "सांगा, रुंदी किती लागेल?"

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात पहिल्या पानावर ढिगाऱ्याचा फोटो आला. रुंदीसाहेबांचा फक्त एक बूट दिसत होता. ऑफिसात कुणीतरी तो फोटो फलकावर लावला. रुंदीसाहेबांनी काढला नाही, उलट बुटाभोवती लाल गोल काढून खाली लिहिलं, 'विभागप्रमुख, प्रत्यक्ष पाहणी करताना'.

वळण सरळ करणं बोलण्याइतकं सोपं गेलं नाही. बायकोची सही परत आली तरी बाकीच्यांच्या होत्या. शेजारचा चष्मेवाला तर हटूनच बसला. "माझ्या गिऱ्हाइकांना नीट दिसत नाही," तो म्हणाला. "त्यांनी लांब गाडी लावून चालत यायचं?"

"दिसत नसताना ते गाडी चालवत येतात, ते बरं आहे का?" बायकोनं विचारलं.

चष्मेवाल्याचा राग काही गेला नाही. शेवटी एक मधला मार्ग निघाला. कोपऱ्यावरच्या गल्लीत अपंगांसाठी आणि रुग्णांसाठी दोन जागा राखल्या आणि दुकानांसमोरचा ट्रॅक सरळ झाला. विजेचा खांब हलवायला वीज विभागानं एवढे कागद मागवले की महापौरबाईंना पुन्हा एकदा कोपर दाखवावं लागलं. थांब्याचा ओटा बांधून झाला. आजोबा एकदा मुद्दाम उतरून ओट्यावर काठी आपटून गेले, पण काही बोलले नाहीत. रुंदीसाहेबांनी ते प्रशस्तिपत्र समजून ठेवून घेतलं.

दुकानाचं म्हणाल तर गाडीतून येणारं गिऱ्हाईक थोडं तुटलं आणि पायी, सायकलीवर येणारं हळूहळू वाढलं. रुंदीसाहेब हे सांगायला गेले की बायको म्हणते, "तुमच्या ट्रॅकमुळे नाही हो, यंदा सर्दीची साथ आहे." चष्मेवाल्याचं मात्र खरंच थोडं नुकसान झालं. तो अजून रुंदीसाहेबांशी बोलत नाही आणि त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही, हे रुंदीसाहेबांना ठाऊक आहे. आता जवळच्या वाचनाचा चष्मा ते त्याच्याकडूनच करून घेतात. तो मुकाट्यानं नंबर काढतो, मुकाट्यानं चष्मा देतो.

हल्ली रुंदीसाहेब ऑफिसला सायकलवरून जातात. हात दाखवून वळणं अजून जमत नाही, एक हात सोडला की उरलेलं सगळं सुटतं. म्हणून उजवीकडे जायचं असलं की ते चौकात उतरून पादचाऱ्यांबरोबर रस्ता ओलांडतात आणि पलीकडे परत बसतात. मेहुणी याला धोरणात्मक माघार म्हणते.

परवा ते रुग्णालयाजवळून जात होते. पुढे एक परिचारिका सायकलवरून चालली होती, कामाच्या गणवेशात. गटाराच्या लोखंडी जाळीवर तिचं पुढचं चाक गेलं आणि पट्ट्यांच्या मधल्या फटीत अडकून बसलं. ती पडली नाही, पण उडी मारूनच उतरली. जाळीच्या फटी नेमक्या चाकाच्या दिशेनं होत्या. आडव्या बसवल्या असत्या तर काहीच झालं नसतं.

रुंदीसाहेबांनी सायकल भिंतीला टेकवली आणि तिला चाक काढायला मदत केली. दोघांनी मिळून जोर लावला तेव्हा ते निघालं.

"कुठल्या गाढवानं ही जाळी अशी बसवली असेल?" परिचारिका हात झटकत म्हणाली.

"आहे एक," रुंदीसाहेब म्हणाले. "ओळखतो मी त्याला."

"भेटला तर सांगा त्याला माझ्या वतीनं."

"सांगतो. आत्ता ऑफिसातच जातोय."

ती निघून गेली. ते खाली वाकले, जाळीच्या चारी बाजू बघितल्या, ती काढून फिरवून बसवता येईल का ते पाहिलं. येत होती. मग फुटपाथच्या कडेवर पाय टेकवून ते सायकलवर बसले आणि ऑफिसपर्यंतच्या वाटेवरची एकेक जाळी बघत निघाले. बहुतेक सगळ्या तशाच होत्या.